तिसरा गिअर, लॉग सतरा

द्रोणागिरीच्या मागे सिडकोने आखून ठेवलेला एक रस्ता आहे.
दिवे आहेत, दुभाजक आहे, सेक्टरची पाटी आहे,
फक्त सेक्टर अजून आलेला नाही.
रात्री दीडला आम्ही तिथे तिसरा गिअर मोजतो.

स्टिअरिंगवर निमिष कर्णिक.
शेजारी मी, मांडीवर लॅपटॉप,
केबल डॅशबोर्डखालच्या सॉकेटात.
मागे रोहिदासमामा, चपला काढून,
दोन्ही तळपाय फ्लोअरवर सपाट.

"दोन हजारांपासून पूर्ण दाब. पाच हजारांना सोड.
मध्ये बोलायचं नाही."
टर्बो आधी श्वास ओढून घेतो,
मग कंटेनर यार्डचे दिवे एकमेकांत मिसळतात,
आणि सात सेकंदांनी पुन्हा खाडीचा वास.

सात सेकंदांच्या एकशे चाळीस ओळी.
हवेशी इंधनाचं प्रमाण, टर्बोचा दाब,
इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा राहिला,
आणि शेवटच्या रकान्यात ठिणगी,
ठरल्या वेळेपासून किती अंश मागे सरली ते.

तिथे माझं बोट थांबतं.
बेचाळीसशेला साडेचार अंश मागे.
तेराव्या लॉगपासून दर वेळी, तिथेच.
"नॉकिंग," मी म्हणते. "इंधन जरा वाढवून बघू?"
निमिषला त्यातलं 'वाढवून' तेवढं ऐकू येतं.
बेलापूरच्या लॅबमध्ये तो दिवसभर
दुसऱ्यांच्या रक्तातली साखर मोजतो.
स्वतःला तीस घोडे जास्त हवेत,
हप्ते फिटायच्या आत.

पण मिश्रण जागच्या जागी आहे.
लाँग टर्म ट्रिम अधिक सहा, तो तर ऊस,
पेट्रोलात मिसळून कुठल्या तरी कारखान्यातून आलेला.
गाडीने तो ओळखला, आणि कुणाला न सांगता
घोटभर जास्त ओतायची सवय लावून घेतली.
माझ्या आईने घरात असं काय काय सावरून घेतलं
त्याचा लॉग कुणी ठेवला नाही.
जाऊ दे.

मग ठिणगी बिचकते कशाला?

"परत पलव गारी," मागून मामा.

मामाने जन्मभर तुर्भ्याला कार्ब्युरेटर उघडले.
प्लग काढून उजेडात धरायचा:
काळा म्हणजे जास्त, पांढरा म्हणजे कमी,
चहाचा रंग आला की बॉनेट बंद.
ग्राइंडरने उजवा कान कधीच नेला.
माझ्या स्क्रीनकडे तो बघतसुद्धा नाही,
म्हणतो, डोले दुखतात.

लॉग अठरा. बेचाळीसशे.

"नॉक नाय तो. पत्रा हाय.
तलपायाला लागतो."

इंजिन निवायला वीस मिनिटं.
यार्डचा वॉचमन येऊन विचारून गेला, बंद पडली का.
"चालते," निमिष म्हणाला, जरा रागानेच.
मग टॉर्च तोंडात धरून मामा खाली सरपटला.
टर्बोजवळचं उष्णतेचं कवच,
एक बोल्ट गळालेला, दुसरा नावापुरता.
बेचाळीसशेला ते थरथरायचं,
आणि इंजिनाच्या अंगावरचा सेन्सर
त्यालाच आतला ठोका समजून
ठिणगीला म्हणायचा: मागे हो, मागे हो.

एक होज क्लॅम्प. दोन पिळे.

लॉग एकोणीस.
शेवटचा रकाना: शून्य, शून्य, शून्य,
खालपर्यंत शून्य.
निमिषने गाडी थांबवली आणि हात स्टिअरिंगवरच ठेवले.
"किती वाढवलं?"
काहीच नाही. कंपनीने दिलं होतं तेवढंच,
इतके महिने एका सैल पत्र्याच्या भीतीने
हात आखडून बसलेलं.

"पैसे किती?"
"क्लॅम्पचं चालीस," मामा म्हणाला.
माझी रात्र मी वेगळी लावली.
लॅपटॉप बंद करताना त्याने विचारलं,
बदल जतन करायचे का.
बदल नव्हतेच.

उरण फाट्यापर्यंत कुणी बोललं नाही.
मामा मागे घोरत होता.
मी हळूच चपला काढल्या,
तळपाय फ्लोअरवर टेकवले.
काही तरी लागत होतं,
एसी असेल, किंवा रस्ता.
मला नाही सांगता आलं.